नांदूरमध्यमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायचेत? आधी काठ ठरवा, मग कॅमेरा काढा

हिवाळ्यात रविवारी सकाळी नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गाड्या लागतात आणि दुपारी परतताना बऱ्याच जणांच्या कार्डात तेच ते फोटो असतात : उडून चाललेल्या बदकांच्या शेपट्या, पाण्यावर पसरलेले काळे ठिपके आणि अंगावरची पिसं दिसत नाहीत असे पांढरेफटक बगळे. मग चर्चा लेन्सवर येते. लेन्स लहान पडली, आता १५०-६०० मिमीची घ्यायला हवी, वगैरे.

लेन्सचा दोष क्वचितच असतो, चुकतो तो क्रम. गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा गळ्यात येतो, पक्षी दिसला की त्याच्याकडे चालणं सुरू होतं आणि ऊन कुठून येतंय याचा विचार घरी संगणकासमोर होतो. पुढचे टप्पे त्याच्या उलट्या क्रमानं लिहिले आहेत. ते नांदूरमध्यमेश्वर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेत, पण गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर किंवा तुमच्या गावच्या पाझर तलावावरही तसेच लागू पडतील.

टप्पा १ : काठ ठरवा (घरी बसून, दोन दिवस आधी)

ऊन पाठीवर हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण सूर्य पूर्वेला उगवतो म्हणून पूर्वेचा काठ गाठायचा, एवढंच गणित बहुतेक जण करतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या अक्षांशावर सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि मावळतोही तितकाच दक्षिणेकडे सरकून. म्हणजे सकाळी तुमचं तोंड वायव्येला हवं आणि संध्याकाळी ईशान्येला. दोन्ही वेळा उपयोगी पडतो तो पाण्याचा दक्षिणेकडचा काठ. सकाळी त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला बसा, संध्याकाळी पश्चिमेकडच्या.

मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि पाण्याच्या दक्षिणेला बसता येण्यासारख्या दोन-तीन जागा हेरून ठेवा. नकाशातलं चित्र जुनं असू शकतं. नांदूरमध्यमेश्वरला पाणी सोडलं की काठ मागे सरकतो आणि जिथे पाणी दिसत होतं तिथे गुडघाभर गाळ निघतो. म्हणून एकाच जागेवर भिस्त ठेवू नका. चापडगावच्या बाजूला स्थानिक मार्गदर्शक मिळतात. त्यांना थेट विचारा, "दादा, आज पाणी कुठपर्यंत आहे?" पक्षी कुठे आहेत हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरी गोष्ट वारा. पक्षी उतरताना आणि उडताना तोंड वाऱ्याकडे करतात. वारा तुमच्या पाठीकडून येत असेल तर उतरणारं बदक तुमच्याकडे तोंड करून उतरेल. समोरून येत असेल तर दिवसभर शेपट्याच मिळतील. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी असले तर ती जागा सोडू नका, मग समोर साधे वारकरी (कूट पक्षी) का असेनात.

*तपासा :* सकाळी बसल्यावर तुमची सावली पक्ष्यांच्या दिशेनं पडतेय का? पडत असेल तर जागा बरोबर आहे. बाजूला पडत असेल तर उठा आणि सरका. कॅमेऱ्यातल्या कुठल्याही बटणानं ही चूक भरून निघत नाही.

टप्पा २ : तुमच्या लेन्सचा आवाका मोजा

हा हिशेब एकदा करून ठेवला की पुढचा बराच मनस्ताप वाचतो. सूत्र सोपं आहे. पक्ष्याचं अंतर गुणिले सेन्सरची रुंदी, भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सवरचा मिमीचा आकडा). उत्तर येतं ते त्या अंतरावर चौकटीत मावणाऱ्या जागेच्या रुंदीचं.

साध्या क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात सेन्सर साधारण २२-२३ मिलिमीटर रुंद असतो. त्याला ३०० मिमीची लेन्स लावून २० मीटरवरच्या फांदीकडे रोखली तर चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदी मावते. खंड्या असतो जेमतेम २८ सेंटिमीटरचा, म्हणजे तो चौकटीचा पाचवा हिस्साही भरत नाही. तोच १० मीटरवर असेल तर एक तृतीयांशाहून अधिक भरतो. अंतर निम्मं केलं की ३०० ची लेन्स ६०० चं काम करते, आणि त्याला हप्ते भरावे लागत नाहीत.

उलट, मीटरभर उंचीचा चित्रबलाक ४० मीटरवरही त्याच लेन्सनं चौकटीची अर्धी उंची भरतो. ३०० पर्यंतचीच लेन्स असेल तर पहिल्या हिवाळ्यात चित्रबलाक, राखी बगळा, चमचा असे मोठे पक्षी घ्या. तुतारी आणि चिखल्या अशा छोट्या पक्ष्यांच्या मागे लागू नका. सुपरझूम (लांब पल्ल्याची, न बदलता येणारी लेन्स असलेला) कॅमेरा असेल तर आवाका भरपूर मिळतो, पण सेन्सर लहान असल्यानं कमी उजेडात तो लवकर हार मानतो. ऊन जरा वर आल्यावरच त्याच्याकडून चांगलं काम होतं.

टप्पा ३ : आदल्या रात्री कॅमेरा लावून ठेवा

पहाटे गार पडलेल्या बोटांनी मेनू शोधायचा नसतो. रात्रीच एवढं करा.

१. मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). शटर १/१००० सेकंद, अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र) लेन्सचं सर्वांत मोठं. जुन्या काही कॅमेऱ्यांत या जोडीबरोबर एक्स्पोजरचं अधिक-उणे (फोटो उजळ-गडद करण्याची सोय) चालत नाही. तिथे अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवा आणि ऑटो आयएसओमध्ये किमान शटर १/१००० बांधून द्या.

२. आयएसओची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४००. नवशिके आयएसओला फार घाबरतात. तो ४०० वर अडवून ठेवतात, शटर १/१२५ वर घसरतं आणि अख्खा फोटो हलतो. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, पण हललेला डोळा कुठल्याच सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान नाही.

३. फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारावर, म्हणजे कंपनीप्रमाणे एएफ-सी किंवा एआय सर्वो. पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर चालू करा.

४. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारं बटण असेल तर ते लांबच्या पल्ल्यावर ठेवा. नाहीतर फोकस समोरच्या गवतापर्यंत येऊन पुन्हा लांब जातो आणि तेवढ्यात पक्षी गेलेला असतो.

५. बीप बंद, फ्लॅश बंद, फोकससाठी लागणारा लाल-केशरी दिवा बंद. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाईल चालू. तारीख-वेळ बरोबर आहे का बघा.

६. कार्ड रिकामं, दोन बॅटऱ्या भरलेल्या. निफाड तालुक्यातली थंडी किती उतरते हे इकडच्यांना सांगायला नको, आणि गारठ्यात बॅटरी लवकर बसते. दुसरी बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

टेकूसाठी बीन बॅग घरीच होते. जुन्या जीन्सचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, तांदूळ किंवा ज्वारी भरा आणि दुसरं तोंड शिवून टाका. गाडीच्या खिडकीवर, बांधावर, जमिनीवर कुठेही चालते. काठावर बसून काम करायचं असेल तर ट्रायपॉडपेक्षा मला ती बरी वाटते. ट्रायपॉड उंच उभा राहतो आणि त्याच्यासोबत आपणही उभे राहतो.

सरावासाठी अभयारण्याची गरज नाही. शेतात रोटर मारणारा ट्रॅक्टर शोधा. त्याच्यामागे गायबगळे, साळुंक्या, कोतवाल, धोबी हमखास असतात, माणसाला सरावलेले असतात आणि सारखे उडत-बसत असतात. शेतकऱ्याला विचारून बांधावर बसा आणि तासभर फक्त फोकस पकडण्याचा सराव करा. तिथे जमलं नाही तर पाण्यावरही जमणार नाही.

टप्पा ४ : वेळेवर पोहोचा, पण उसाच्या कडेला बसू नका

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. नाशिकहून नांदूरमध्यमेश्वर साधारण ४० किलोमीटर आहे. साडेपाचला निघालात तर धुकं असूनही उजाडायच्या आत पोहोचता. प्रवेश किती वाजता मिळतो, कॅमेऱ्याची वेगळी पावती लागते का, हे आधीच विचारून ठेवा. गेटवर गेलेला अर्धा तास सोन्यासारख्या उजेडातला असतो.

कपडे मातकट, राखी किंवा हिरवट. लष्करी छापाची गरज नाही, पण पांढरा शर्ट आणि लाल मफलर नको.

*सावधान :* गोदाकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे. काठावर खाली वाकून, एकट्यानं, अंधारात उसाला पाठ करून बसू नका. उजाडेपर्यंत गाडीत थांबा आणि संध्याकाळी उजेड असतानाच उठा. द्राक्षबागेत ब्लोअरनं फवारणी चालली असेल तर तिथून लांब राहा, लेन्ससाठीही आणि छातीसाठीही. कोरडा दिसणारा गाळ आधी काठीनं चाचपा.

गाडीतून फोटो काढणार असाल तर इंजिन बंद करा, हीटरही बंद. इंजिनचा थरथराट लेन्सपर्यंत पोहोचतो, आणि खिडकीतून बाहेर जाणारी गरम हवा समोरचं चित्र लहरतं करते. उलट, उन्हाळ्या-पावसाळ्यात एसीतून काढलेली गार लेन्स बाहेर येताच धुरकटते. तेव्हा उतरायच्या पंधरा मिनिटं आधी एसी बंद करायचा.

टप्पा ५ : पहिली वीस मिनिटं कॅमेरा मांडीवर

हा टप्पा सगळे गाळतात. बसल्यावर दुर्बीण हातात घ्या आणि नुसतं बघा. कोण चरतंय, कोण झोपलंय, खंड्या कोणत्या काटकीवर परत परत येतोय, बगळा काठानं कोणत्या दिशेला सरकतोय. खंड्या, वेडा राघू, कोतवाल आणि खाटीक भक्ष्यावर झेप घेऊन पुष्कळदा त्याच बैठकीवर परततात. ती बैठक सापडली की पक्ष्याचा पाठलाग संपला. फोकस काटकीवर लावून ठेवा, मागची पार्श्वभूमी तपासा आणि थांबा.

पार्श्वभूमी याच वेळी बघायची. काटकीच्या मागे लगेच बेशरमाचं रान असेल तर पक्षी त्यात हरवतो. मागे लांबवर पाणी किंवा पलीकडचा काठ असेल तर तो उठून दिसतो. दोन पावलं डावीकडे सरकल्यानं हा फरक पडतो, पण ती पावलं पक्षी यायच्या आधी टाकायची.

निरीक्षण मनोऱ्यावर जरूर चढा, पण पक्षी कुठे आहेत ते बघायला. वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याची पाठ आणि पाणी एवढंच येतं. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर उतरायचं असेल तर खाली यावं लागतं, बसावं लागतं, जमलं तर पोटावर झोपावं लागतं. ज्यांचे फोटो बघून आपण चकित होतो त्यांचे कपडे बघा, कोपर आणि गुडघे मातीचे असतात.

टप्पा ६ : जवळ जायचंच असेल तर

सरळ रेषेत चालत गेलं की पक्ष्याच्या लेखी तुम्ही शिकारी. तिरकं जा, थोडं पक्ष्याच्या बाजूला, मध्येच थांबा, दुसरीकडे बघा, बसा. पाच-सहा पावलं, मग दोन-तीन मिनिटं थांबणं. उभ्या माणसापेक्षा बसलेल्या माणसाला पक्षी कमी घाबरतात. गाडीला त्याहूनही कमी, म्हणून रस्त्याकडेच्या तारेवरचा नीलपंख गाडीतूनच काढा. दार उघडलं की तो जातो.

पक्षी आधी सांगतो, मगच उडतो. बदकांच्या माना उंच झाल्या, चरणं थांबलं, थवा दाटीनं काठापासून आत सरकू लागला, तर तुम्ही फार जवळ आलात. बगळा अंग चोरून पुढे झुकला, घारीनं किंवा ससाण्यानं विष्ठेची पिचकारी टाकली, तर उड्डाण जवळ आहे. मानेची खूण दिसताच जागीच बसा किंवा मागे या. चरणं पुन्हा सुरू झालं तरच पुढचं पाऊल.

*थांबा :* उडण्याचा फोटो मिळावा म्हणून दगड मारणं, टाळ्या वाजवणं, गाडीचा हॉर्न देणं यात कौशल्य काहीच नाही. मध्य आशियापलीकडून आलेलं बदक इथे परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतं. प्रत्येक फुकटची भरारी त्यातून जाते. शिवाय उठवलेला थवा तुमच्याकडे पाठ करूनच जातो, म्हणजे फोटोही वाया. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावणं आणि ड्रोन, दोन्ही नको.

घरट्यांचं वेगळं सांगतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर तिची अंडी किंवा पिल्लं जवळपास जमिनीवर आहेत. अंडी खड्यांसारखी दिसतात आणि पायाखाली येतात. आल्या वाटेनं पाय बघत मागे फिरा. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यातच घरटी करतात. त्या कड्याच्या जवळ जाण्याचा विचारही करू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे पक्ष्यांची घरटी-अंडी विचलित करणं हा गुन्हा आहे.

टप्पा ७ : उजेडाची दुरुस्ती

पांढरेफटक बगळे इथे तयार होतात. कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्यावर आणू बघतो. गडद पाण्यावर लहानसा पांढरा बगळा असेल तर त्याला बहुतेक चौकट काळी दिसते, तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून जातात. तिथे एक्स्पोजरचं अधिक-उणे -०.७ ते -१.३ करा. चकाकत्या पाण्यावर काळा पाणकावळा किंवा वारकरी असेल तर उलट, +०.७. उजळ आभाळावर उडणारी घार असेल तर +१, कधी त्याहून थोडं जास्त.

पण बगळा चौकट भरून असेल तर हाच नियम फिरतो. आता कॅमेऱ्याला सगळं पांढरंच दिसतं आणि तो फोटो अंधारा करतो, म्हणून थोडं अधिककडे जावं लागतं. आकडे पाठ करून भागत नाही. एक फोटो काढा, जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू ठेवा आणि पिसं लुकलुकत असतील तर अधिक-उणे एक पायरी खाली आणा. धुक्यात सगळंच करडं येतं. तिथे +०.७ ठेवा आणि जवळचे पक्षीच घ्या.

फोकसचा बिंदू एकच, लहान, आणि डोळ्यावर. पाणकणसाच्या पात्यांमागे उभ्या जांभळ्या बगळ्यावर मोठं क्षेत्र ठेवलंत तर कॅमेरा इमानदारीनं पातं फोकस करतो. मान तुमच्याकडे वळेपर्यंत आणि डोळ्यात उन्हाचा ठिपका दिसेपर्यंत बटण दाबू नका. त्या ठिपक्याशिवाय जिवंत पक्षीही भुसा भरलेला दिसतो.

टप्पा ८ : उडता पक्षी

शटर १/२०००, सुरय (टर्न) किंवा बदकांसाठी १/२५००. फोकसचं क्षेत्र थोडं मोठं. आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटर इथे बंद करा, बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यानं पंख वाकडे येतात.

पक्षी लांब असतानाच चौकटीत घ्या, त्याच्याबरोबर कंबरेतून वळत राहा आणि समोर आल्यावर आठ-दहा फोटोंचा छोटा सर सोडा. चूक अशी होते की लांबूनच बटण दाबून धरलं जातं, कॅमेऱ्याची मेमरी भरते आणि पक्षी नेमका समोर येतो तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. झूम पूर्ण ताणू नका. पंख कापला गेलेला फोटो वाचत नाही, लहान आलेला कापून मोठा करता येतो.

टप्पा ९ : साडेनऊ-दहाला लांबचे फोटो थांबवा

ऊन तापलं की जमिनीवरची हवा लहरू लागते. मग साठ मीटरवरचं बदक कितीही महागड्या लेन्सनं मऊच येतं आणि माणूस लेन्स दुरुस्तीला टाकतो. *तपासा :* फोकसच्या मर्यादेचं बटण पूर्ण पल्ल्यावर आणून पाच-सहा मीटरवरच्या दगडाचा फोटो काढा. तो धारदार असेल तर लेन्स ठीक आहे, दोष हवेचा आहे. जवळचे पक्षी घ्या किंवा चार वाजेपर्यंत कॅमेरा बंद ठेवून चहा-मिसळीला जा.

टप्पा १० : घरी आल्यावर

कार्डातले फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड पुसू नका. निवडताना आधी फक्त डोळा बघा. धारदार नसेल तर पक्षी कितीही दुर्मीळ असो, तो नोंदीच्या फोल्डरमध्ये. मग पाण्याची रेषा सरळ करा, थोडं कापा, दाणे कमी करा, पांढऱ्या पिसांतला तपशील परत येतो का बघा. रंग वाढवण्याचा मोह आवरा, चक्रवाक आधीच पुरेसा नारिंगी असतो.

नाव खात्रीचं नसेल तर अंदाजे लिहू नका, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरचे फोटो ताडून बघा किंवा जाणकाराला विचारा. घरट्याचा किंवा दुर्मीळ पक्ष्याचा फोटो टाकताना जागेचा नेमका पत्ता देऊ नका आणि मोबाईलनं काढला असेल तर फाईलमधलं ठिकाण काढून टाका.

वहीत तीन गोष्टी लिहा : कोणत्या काठावर बसलात, वारा कुठून होता, पक्षी किती वाजता जवळ आले. पुढच्या खेपेचा पहिला टप्पा त्यामुळे निम्मा होऊन जातो. बीन बॅग दवानं ओली झाली असेल तर उन्हात टाका, नाहीतर आठवड्यात आतल्या तांदळाला कीड लागते.